डॉर्टमुंडची पिवळी भिंत बघायची असेल, तर तिच्यात उभं राहू नका

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा जर्मनीत आखेनला एमएस करतोय आणि बोरुसिया डॉर्टमुंड या फुटबॉल क्लबचा कट्टर चाहता आहे. एप्रिलमध्ये आई-बाबा चिंचवडहून तीन आठवडे त्याच्याकडे जाणार आहेत. वडील एकसष्ट वर्षांचे, फुटबॉल आवडीने बघणारे. आईंना खेळात रस बेताचाच, शिवाय जिने चढताना गुडघे त्रास देतात. दोघांना पिवळ्या भिंतीत, म्हणजे क्लबच्या स्टेडियममधल्या उभ्या प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये, उभं करून सामना दाखवायचा, असा मुलाचा हट्ट. हे झेपेल का, तिकीट कसं मिळवायचं आणि दिवस कसा आखायचा, असं वडिलांनी विचारलं आहे.

मी बोखुमला राहतो. गाडीने डॉर्टमुंड अगदी शेजारी. क्लबचा सदस्य आहे, आणि भारतातून येणारे नातेवाईक, मित्र, मित्रांचे आईवडील यांना सामन्याला घेऊन जाणं हा एव्हाना माझा जोडधंदाच झाला आहे (बिनपैशाचा). त्यामुळे आधी निकाल सांगून टाकतो: भिंतीत मुलाने मित्रांबरोबर जावं. तुमच्याबरोबर असेल त्या दिवशी तिघांनी पूर्वेकडच्या किंवा पश्चिमेकडच्या स्टँडमध्ये खालच्या मजल्यावर बसायच्या जागा घ्याव्यात.

हे फक्त गुडघ्यांमुळे सांगत नाही. आईंचे गुडघे ठणठणीत असते तरी पहिल्या वेळेला मी हेच सुचवलं असतं. भिंत म्हणजे या स्टेडियमची दक्षिण बाजू. तिथे खुर्च्या नाहीत, नुसत्या पायऱ्या आणि मधे मधे टेकायला लोखंडी कठडे. एवढ्या एका बाजूला जवळपास २५,००० माणसं उभी असतात. उभ्या प्रेक्षकांचा इतका मोठा स्टँड युरोपात दुसरा नाही. आपल्या वानखेडेत सगळं मिळून ३३,०००च्या आसपास माणसं मावतात, त्यावरून अंदाज करा. आता यातला प्रत्येक जण पिवळंकाळं ल्यालेला, हात वर केलेला, एका सुरात ओरडणारा. हे दृश्य बघायला लोक जगभरातून येतात. पण त्या पायऱ्यांवर उभं राहिलं की ते दृश्यच दिसत नाही. दिसतं काय, तर पुढच्याची टोपी, त्याच्या पुढच्याचा झेंडा आणि फटीतून अर्धं मैदान. समोरच्या गोलपोस्टपाशी काय चाललंय हे तर गर्दीच्या आवाजावरूनच ओळखावं लागतं. मुलाला ते चालेल, किंबहुना तेच हवं असेल. तुम्ही मात्र इतक्या लांबून येऊन भिंत न बघता परत जाल.

उभं राहण्याचा हिशेबही समजून घ्या. दक्षिणेच्या तिकिटावर ब्लॉक लिहिलेला असतो, जागा नसते. चांगली जागा हवी तर गेट उघडताच आत शिरायचं, म्हणजे सामन्याआधी दीड-दोन तास. नंतर सामना, त्यानंतर खेळाडू येऊन लोकांना भेटेपर्यंत थांबायचं. सगळे मिळून चार तास पायांवर. मधे स्वच्छतागृहाला गेलात तर परत त्याच ठिकाणी पोचाल याची खात्री नाही. गोल झाला की मागच्या रांगांमधली बियर हवेत उडते आणि तुमच्या डोक्यावर उतरते. कोणी मुद्दाम करत नाही, हातात पेला असताना माणूस उडी मारतो इतकंच. केसांतून बियर निथळत असलेल्या काकू मी पाहिल्या आहेत. त्या हसत होत्या, पण त्यांच्या सुनेचा चेहरा बघवत नव्हता.

जागा कोणती घ्यावी

उत्तरेच्या स्टँडमधून भिंत अगदी नाकासमोर दिसते, पण त्याच बाजूला पाहुण्या संघाचे पाठीराखे असतात. तिथे पोलीस आणि घोषणांची चकमक जास्त. माझी पसंती पूर्वेच्या स्टँडला, त्यातही उत्तरेकडच्या अर्ध्या भागाला. तिथून मैदान लांबीने पूर्ण दिसतं आणि डावीकडे तिरप्या कोनात भिंत. एकच अडचण म्हणजे दुपारी साडेतीनचा सामना असेल तर ऊन समोरून येतं. टोपी जवळ ठेवा. पश्चिमेचा स्टँड मुख्य, सूर्य पाठीशी, त्यामुळे महागही. मजला खालचाच घ्या. वरचा मजला चढायला उभा आहे आणि उतरताना गुडघ्यांची जास्त परीक्षा घेतो. खालच्या मजल्यावरही अगदी पहिल्या रांगा टाळा, कारण तिथून खेळाडूंचे पाय दिसतात पण खेळाची मांडणी कळत नाही, आणि पाऊस वाऱ्याबरोबर आला तर तिथपर्यंत पोचतो. मधली रांग उत्तम.

तिकिटाचं गणित

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ८१,३६५ जागा ऐकून वाटतं की एवढ्या मोठ्या स्टेडियमात तीन तिकिटं सहज मिळतील. आता वजाबाकी करू. ५५,००० च्या आसपास सीझन तिकिटं (अख्ख्या हंगामाची) आधीच गेलेली असतात आणि ती लोक वर्षानुवर्षं सोडत नाहीत, घरात वारसाने चालतात म्हणा ना. लीगच्या नियमाने साधारण दहा टक्के जागा पाहुण्या संघाला, म्हणजे आठ हजार. राहिल्या अठरा हजार. त्यांतल्या काही प्रायोजकांच्या, काही महागड्या पॅकेजांच्या. जे उरतं त्यावर क्लबच्या दोन लाखांहून जास्त सदस्यांचा पहिला हक्क. सदस्यांची विक्री झाल्यावर काही शिल्लक राहिलंच तर ते सर्वांसाठी खुलं होतं. बायर्न म्युनिकविरुद्धच्या सामन्याला असं काही शिल्लक राहत नाही. तो सामना विसरा.

मग करायचं काय? मुलाने आजच क्लबचं सदस्यत्व घ्यावं. कोणालाही घेता येतं आणि त्याचा उपयोग त्याला शिक्षण संपेपर्यंत होईल. तुमच्या मुक्कामात येणाऱ्या घरच्या सामन्याची सदस्य-विक्री कधी उघडते ती तारीख टिपून ठेवायची आणि त्या मिनिटाला संगणकासमोर बसायचं. तीन जागा शेजारी-शेजारी मिळाल्या नाहीत तर दोन आणि एक घ्या. आई-बाबा शेजारी, मुलगा दोन रांगा मागे, काही बिघडत नाही. त्या दिवशी हुकलं तरी खेळ संपला असं समजू नका. सीझन तिकीटवाल्यांपैकी कोणाला यायला जमणार नसेल तर तो आपली जागा क्लबच्याच अधिकृत पुनर्विक्रीत टाकतो. सामन्याच्या आधीच्या आठवड्यात, आणि अगदी आदल्या दिवशीसुद्धा तिथे जागा येतात-जातात. दिवसातून चार वेळा बघत राहायचं. चिकाटी असेल तर दोन जागा मिळतातच, असा माझा अनुभव आहे. तीनसाठी जास्त घाम गाळावा लागतो.

परक्या संकेतस्थळांवर तिकीट लगेच दिसेल, मूळ किमतीच्या चौपट-पाचपट. त्या वाटेला जाऊ नका. क्लब अशी तिकिटं शोधून रद्द करतो आणि मग गेटवर यंत्र लाल दिवा दाखवतं. समोरचा कर्मचारी सभ्यपणे हात हलवून बाजूला व्हायला सांगतो. स्टेशनबाहेर हातात तिकीट घेऊन उभे असलेले लोक तर आणखीच वाईट. पैसे घालवायची तयारीच असेल तर क्लबचं स्वतःचं हॉस्पिटॅलिटी पॅकेज घ्या. महाग आहे, पण खरं आहे. जेवण त्यात असतं आणि आईंना निवांत बसता येतं.

प्रतिस्पर्धी कोण याचा फार विचार करू नका. नुकताच वरच्या लीगमध्ये आलेला छोटा क्लब, रविवार संध्याकाळ, असा सामना पकडा. तिकीट मिळण्याची शक्यता वाढते, आणि भिंत कोणाविरुद्धही तेवढीच उंच असते.

दर ऐकून मात्र तुम्हाला आश्चर्य वाटेल. दक्षिणेची उभी जागा वीस युरोंच्या आसपास मिळते. इंग्लंडमध्ये या पैशात स्टेडियमचा मफलर येईल फार तर. याचं एक कारण म्हणजे जर्मनीतला ५०+१ नियम: क्लबच्या कारभारात मतांचं बहुमत सदस्यांच्याच संस्थेकडे राहिलं पाहिजे. गंमत अशी की बोरुसिया शेअर बाजारातही आहे. २००० मध्ये तिथे उतरलेला हा पहिला जर्मन क्लब. पुढे पैसे असे उधळले की २००५ मध्ये दिवाळं निघायची वेळ आली. स्टेडियम तेव्हा एका गुंतवणूक फंडाला विकलेलं होतं. त्या फंडाच्या गुंतवणूकदारांनी मार्चमध्ये ड्युसेलडॉर्फ विमानतळावरच्या बैठकीत सवलत दिली म्हणून क्लब वाचला. त्याच वर्षी स्टेडियमचं नाव एका विमा कंपनीला दिलं, म्हणून पाटीवर सिग्नल इडुना पार्क. जुनी माणसं आजही वेस्टफालेन स्टेडियमच म्हणतात. वाटेत पत्ता विचारलात तर दोन्ही नावं चालतील, पण दुसऱ्या नावावर जरा मोठं हसू मिळेल.

तारीख

विमानाचं तिकीट सामन्याच्या तारखेवर बेतू नका. उन्हाळ्यात वेळापत्रक लागतं तेव्हा फक्त कोणता शनिवार-रविवार ते ठरतं. शुक्रवारी रात्री साडेआठ, शनिवारी साडेतीन की साडेसहा, की रविवारी, हे काही आठवडे आधी टप्प्याटप्प्याने जाहीर होतं, कारण टीव्हीवाले आणि युरोपियन स्पर्धांचे सामने त्यात आडवे येतात. तुमच्याकडे तीन आठवडे आहेत ही जमेची बाजू. घरचा आणि बाहेरचा सामना साधारण आलटून पालटून येतो, म्हणजे निदान एक घरचा सामना तुमच्या मुक्कामात पडेलच. त्या शनिवार-रविवारी शुक्रवार दुपारपासून रविवार रात्रीपर्यंत दुसरं काही ठेवू नका. अ‍ॅमस्टरडॅम-पॅरिसची सहल पुढच्या आठवड्यात करा. मधल्या वारी चॅम्पियन्स लीगचा सामना असला तर तोही बघा. पूर्वी अशा सामन्यांना दक्षिणेत खुर्च्या बसवाव्या लागायच्या आणि स्टेडियमची क्षमता ६५-६६ हजारांवर यायची, पण २०२२ पासून युरोपियन सामन्यांनाही तिथे उभं राहता येतं.

हे स्टेडियम इतकं का घुमतं

वडील फुटबॉल बघणारे आहेत म्हणून हा एक परिच्छेद खास त्यांच्यासाठी. १९७४ च्या विश्वचषकासाठी खरं तर कोलोन शहरात स्टेडियम व्हायचं होतं. कोलोनने माघार घेतली आणि संधी डॉर्टमुंडकडे आली. पालिकेकडे पैसा कमी, म्हणून तयार काँक्रीटचे भाग आणून जोडले, आणि त्या काळच्या म्युनिक, बर्लिनसारखा धावपट्टीचा गोल मैदानाभोवती घातला नाही. अ‍ॅथलेटिक्ससाठी शेजारी १९२६ चं रोटे एर्डे स्टेडियम होतंच. काटकसरीतून आलेला हा निर्णय आज सगळ्यांना दूरदृष्टीचा वाटतो. प्रेक्षक मैदानाला चिकटून आणि डोक्यावर छप्पर, त्यामुळे आवाज वर निसटत नाही, परत खाली येतो. नव्वदच्या दशकात चारही बाजूंना मजले चढले, २००६ च्या विश्वचषकाआधी कोपरेही भरले. त्या वर्षीची जर्मनी-इटली उपांत्य लढत आठवते? आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झालेली, एकशे एकोणिसाव्या मिनिटाला इटलीच्या ग्रोसोने मारलेला गोल आणि लगेच देल पिएरोचा दुसरा. ती इथेच झाली. त्याआधी जर्मनीचा संघ या मैदानावर कधी हरला नव्हता.

त्या दिवशी

शनिवार, साडेतीनचा सामना धरून सांगतो. आखेनहून आरई-१ गाडी कोलोन, ड्युसेलडॉर्फ, एसेन, बोखुम करत थेट डॉर्टमुंडला येते. अडीच तास धरा, आणि जर्मन रेल्वे वेळेवर धावते हा समज भारतातच ठेवून या. सामन्याचं तिकीट हेच स्थानिक वाहतुकीचं तिकीट असतं, पण ते फक्त व्हीआरआर नावाच्या स्थानिक वाहतूक हद्दीत. ड्युसेलडॉर्फ त्यात येतं; कोलोन आणि आखेन येत नाहीत. मुलाकडे विद्यार्थ्यांचा पास असेलच. तुम्ही दोघांनी महिन्याचं डॉइचलांड तिकीट काढलंत तर देशभरच्या सगळ्या साध्या गाड्या त्यावर चालतात. फक्त ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करा, नाहीतर चिंचवडला परतल्यावरही पैसे कापले जातील.

अकराच्या सुमारास पोचा. स्टेशनच्या समोरच जर्मन फुटबॉल संग्रहालय आहे, २०१५ पासून. १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा चेंडू तिथे ठेवला आहे. बसायला जागा भरपूर, आईंनाही कंटाळा येणार नाही. पण स्टेडियमची आतून टूर वेगळ्या दिवशी करा. ड्रेसिंग रूम, खेळाडूंची वाट, क्लबचं संग्रहालय हे सगळं शांतपणे बघायचं असतं आणि सामन्याच्या दिवशी तिथे कोणाला सवड नसते. दोन्ही एका दिवसात उरकायचा मोह बऱ्याच जणांना होतो. दोन्हीची वाट लागते.

पोटभर जेवून घ्या आणि मगच स्टेडियमकडे निघा. आत मिळणारं मुख्य खाणं म्हणजे ब्राटवुर्स्ट (भाजलेलं सॉसेज), आणि ते बहुधा डुकराच्या मांसाचं असतं. चालत असेल तर जरूर खा, गरम पावात मोहरी लावून. थंडीत त्यासारखं काही नाही. चालत नसेल तर बटाट्याचे फ्राइज आणि ब्रेझेल यांवर भागवावं लागेल. ठेपल्यांचा डबा आणि पाण्याची बाटली गेटवर अडकते, म्हणून ते गाडीतच संपवा. पिशवी ए-४ कागदाहून मोठी नको, मोठी छत्री नको, लांब लेन्सचा कॅमेरा नको. आईंची औषधं छोट्या पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. पैसे कार्डाने द्यायची तयारी ठेवा. आणि एप्रिल असला तरी पुण्याचा एप्रिल नव्हे. स्वेटर, वर पाऊस अडवणारं जाकीट हवं.

जाकिटावरून आठवलं: निळं नको. शेजारच्या गेल्झेनकिर्शेनचा शाल्के क्लब निळ्या रंगाचा, आणि दोघांचं वैर इतकं जुनं की इथली माणसं शाल्केचं नावही घेत नाहीत, 'हेर्ने-वेस्ट' (शेजारच्या हेर्ने गावाची पश्चिम बाजू) म्हणतात. तेही उलट डॉर्टमुंडला 'ल्यूडेनशाइड-नॉर्ड' म्हणतात. निळ्या जाकिटातल्या एकसष्ट वर्षांच्या भारतीय गृहस्थाला कोणी मारणार नाही, पण टोमणे नक्की मिळतील, आणि मुलाला ते मराठीत समजावून सांगावे लागतील.

स्टेशनपासून स्टेडियम तीनेक किलोमीटर. मुलगा म्हणेल चालत जाऊ, सगळे चालतात. जाताना नको, गुडघे परतीसाठी राखा. भुयारी गाडीने जा. यू-४५ वेस्टफालेनहालेनपर्यंत नेते आणि सामन्याच्या दिवशी थेट स्टेडियमच्या थांब्यापर्यंत जाते. उतरलात की पिवळ्या गर्दीबरोबर चालत राहायचं, पाटी वाचायची गरज नाही. झाडांच्या वर पिवळे लोखंडी मनोरे दिसायला लागतात. छप्पर त्यांनीच तोलून धरलंय. श्ट्रोबेलआले या रस्त्यावर रोटे एर्डेच्या बाजूला लोक बियर घेऊन उभे असतात. तिथे पंधरा मिनिटं नुसती माणसं बघा. तीन पिढ्या एकत्र आलेल्या दिसतील. आजोबांच्या जाकिटावर जुन्या बिल्ल्यांची दाटी, नातवाच्या गालावर रंग. कोणी ना कोणी तुमच्याशी बोलायला येईल. भारतातून आलो म्हटल्यावर बहुधा पहिला प्रश्न 'क्रिकेट?' असाच असतो.

अडीचपर्यंत जागेवर बसा. बाकीचे लोक उशिरा येतात, पण तुम्ही लवकर बसा, कारण भिंत भरताना बघणं हाही अर्धा कार्यक्रम आहे. आधी मधले ब्लॉक गच्च होतात, मग कडेचे, आणि राखाडी काँक्रीट दिसेनासं होतं. कुंपणावर चढलेला एक तरुण मैदानाकडे पाठ करून उभा असतो. सगळ्या घोषणा त्याच्या हातात. बिचारा सामन्यातला जेमतेम भाग बघतो.

सामन्याच्या थोडं आधी संघ जाहीर होतो आणि इथे खरी गंमत आहे. निवेदक खेळाडूचं फक्त पहिलं नाव घेतो आणि आडनाव पूर्ण स्टेडियम ओरडतं. कीर्तनात बुवांनी चरण उचलावा आणि टाळकऱ्यांनी तो पुरा करावा, तसं. हे काम कित्येक वर्षं नॉर्बर्ट डिकेल करत आला. १९८९ च्या जर्मन कपच्या अंतिम सामन्यात दुखऱ्या गुडघ्याने खेळून त्याने दोन गोल मारले, ब्रेमेनला ४-१ ने हरवलं, आणि त्याच गुडघ्याने पुढे त्याची कारकीर्द संपवली. हे आईंना सांगा, गुडघ्यावरून का होईना जवळीक वाटेल. गोल झाल्यावर तो डॉर्टमुंडचं नाव घेऊन थांबतो, लोक आकडा ओरडतात. मग पाहुण्यांचं नाव, आणि लोक ओरडतात 'नुल', म्हणजे शून्य. त्यांनी गोल केलेले असले तरी बऱ्याचदा शून्यच. शेवटी तो 'डांके' म्हणतो आणि ऐंशी हजार लोक सभ्यपणे 'बिटे' म्हणतात. बाबांनी एवढे तीन शब्द पाठ केले तरी पुरे.

संघ मैदानात यायच्या सुमारास 'यू विल नेव्हर वॉक अलोन' सुरू होतं. ते लिव्हरपूलचं आहे, हे इथे कोणी नाकारत नाही, पण गातात मात्र आपलंच असल्यासारखं. सगळे मफलर दोन्ही हातांत आडवे धरून डोक्यावर नेतात. तेवढ्या वेळासाठी फोन खिशात ठेवा. एक मफलर आधीच विकत घ्या, दोघांत एक चालेल. फक्त अर्धा या संघाचा, अर्धा त्या संघाचा असा जो पर्यटकी मफलर मिळतो तो नको.

सामना सुरू झाला की दर काही मिनिटांनी नजर डावीकडे न्या. भिंतीतला सूर सामन्यावर अवलंबून नसतो. संघ वाईट खेळत असतानाही गाणं चालू राहतं. खरं तर तेव्हाच जास्त. गोल झाला तर ती भिंत वरून खाली घसरल्यासारखी हलते, आणि वर बियरचा फवारा उठतो. तुम्ही कोरडे असाल. मुलाला बघा, त्या क्षणी तो तिकडेच बघत असेल.

पेल्यांबद्दल एक: बियर असो वा पाणी, पेल्याची अनामत घेतात. पेला परत केला की पैसे परत. काही लोक परत करायच्या रांगेत उभे राहत नाहीत; जाताना डबे घेऊन उभी असलेली मुलं एखाद्या कामासाठी पेले गोळा करतात, त्यांना देऊन टाकतात. तुम्हीही तेच करा, रांग वाचते.

परतताना

शिटी वाजली की उठू नका. सामना चांगला झाला असेल तर खेळाडू हातात हात घालून दक्षिणेकडे धावत जातात आणि भिंतीबरोबर लाट घालतात. हरले असतील तर मान खाली घालून उभे राहतात आणि ऐकून घेतात. दोन्ही बघण्यासारखं. शिवाय तेवढ्यात पहिली गर्दी ओसरते. स्टेडियमजवळच्या छोट्या रेल्वे स्टेशनकडे जाऊ नका. तिथे फलाटावर तासभर चेंगरून उभं राहावं लागतं. गुडघे साथ देत असतील तर क्रॉइट्झफिअर्टेल भागातून सावकाश शहराकडे चालत या. जुन्या घरांचा सुंदर मोहल्ला आहे, पबच्या दारादारांत लोक उभे, प्रत्येक जण सामन्याचं पोस्टमॉर्टेम करतोय. दमलात तर वाटेत बसा. साथ देत नसतील तर वेस्टफालेनहालेनच्या थांब्यावर दोन गाड्या सोडून तिसरीत चढा.

आखेनची गाडी सामना संपल्यानंतर किमान दीड तासाने धरा. रात्री साडेआठचा सामना असेल तर मात्र त्याच रात्री परतायचा विचार सोडा आणि डॉर्टमुंड किंवा बोखुमला खोली घ्या. मध्यरात्री कोलोनला गाडी चुकून थंड फलाटावर बसण्यात काही मजा नाही.

आणि तिकीट मिळालंच नाही तर? शेजारच्या रोटे एर्डेमध्ये क्लबचा राखीव संघ खेळतो. तिकीट स्वस्त, बहुधा जागेवर मिळतं. दगडी जुनं स्टेडियम, जवळून दिसणारा खेळ, आणि मागे मोठ्या स्टेडियमचे पिवळे मनोरे. मुख्य सामना क्रॉइट्झफिअर्टेलमधल्या एखाद्या पबमध्ये टीव्हीवर बघता येतो, फक्त तासभर आधी जाऊन टेबल धरा. आईंसाठी खिडकीजवळचं मागा.